सातवी रांग, नऊ आणि दहा

१

त्या थिएटरच्या खुर्च्या आपणहून मिटत नसत. स्प्रिंगा कधीच गेल्या होत्या आणि बिजागऱ्या गंजून इतक्या घट्ट झाल्या होत्या, की वर केलेली बैठक वरच राही आणि कोणी बसून खाली केलेली खालीच. त्यामुळे खेळ सुटला की रांगेरांगेतून फिरून प्रत्येक बैठक हाताने वर ढकलावी लागे. खट्. मग पुढची. खट्. हे काम गेली एकोणीस वर्षं एकच बाई करत होती. अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर न्यायचं, मग बाहेर दाराशी उभं राहायचं आणि शेवटी खुर्च्या उचलायच्या. तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. नवरा चिडवायच्या रंगात असला की तोही तेच म्हणे. तो वरच्या केबिनमध्ये मशीन चालवी.

बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची नाही, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता. पायांवर मारायची, फार तर खुर्चीच्या पाठीवर. त्यामुळे एकोणीस वर्षांत तिला माणसांचे चेहरे फारसे ठाऊक नव्हते. बूट ठाऊक होते. सिनेमेही तिने शेकडो ऐकले होते, दाराबाहेर उभं राहून. पाहिला मात्र एकही नव्हता.

थिएटर आता बंद व्हायचं होतं. मालकांनी इमारत विकली होती. उरलेला एक आठवडा रोज बाराचा एकच खेळ चालवायचा आणि गुरुवारी कुलूप लावायचं, असं ठरलं होतं. त्या आठवड्यासाठी त्यांनी जो सिनेमा स्वस्तात आणला, तो भीतीचा होता. नवराबायको सुट्टीला एका भाड्याच्या घरात जातात आणि तिथे काहीतरी विपरीत घडतं, म्हणे. पोस्टरवर घर होतं आणि घराकडे बघणारी दोन माणसं, पाठमोरी.

शुक्रवारी अकरा तिकिटं गेली. तिने अकराजणांना जागा दाखवली, अकराजण तोंड वाकडं करत बाहेर आले. ती आत जाऊन खुर्च्या उचलू लागली. हात चालत होते, मन दुसरीकडेच होतं, पण मोजायची सवय लागलेली. शेवटच्या रांगेपाशी पोचली तेव्हा आकडा तेरा झाला होता.

ती मागे वळून आठवत राहिली. सातव्या रांगेत तिने कुणालाच नेलं नव्हतं. तिथल्या नऊ आणि दहा नंबरच्या दोन बैठका, शेजारी शेजारी, खाली सापडल्या होत्या.

बसला असेल कोणी जागा बदलून, असं तिने स्वतःला सांगितलं. जागा बदलली तर आधीचीही खाली राहते, म्हणून तेरा. पण बाकीच्या बैठका गार झाल्या होत्या, आणि हात लागला तेव्हा त्या दोन्ही कोमट होत्या.

२

केबिनला जाणारा जिना बाहेर व्हरांड्यातून होता. त्याच जिन्यावर बसून दोघं रोज डबा खात.

"सिनेमा कसा आहे हो?" तिने विचारलं.

"कसला सिनेमा. भीती नावाला नाही. मला तर वाटलं, मशीनच बिघडलं. पाच-पाच मिनिटं नुसती रिकामी खोली."

"मग लोक बोंबलणारच."

"बोंबलू देत. गुरुवारपर्यंतचा प्रश्न." त्याने डब्याचं झाकण लावलं आणि जरा लाजून म्हणाला, "तू बॅग भरलीस का?"

ती हसली. बॅग तिने कधीच भरली होती. ज्या दिवशी जगाला सुट्टी, त्या दिवशी थिएटरला गर्दी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण दोघं मिळून कुठे म्हणून गेली नव्हती. आता मात्र गुरुवारी साडेतीनची बस धरायची होती. तळ्याकाठी एक खोली चार दिवसांसाठी ठरवली होती. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, यांना त्या कोंदट केबिनमधून बाहेर काढा, छातीला मोकळी हवा हवी. थिएटर बंद होणार म्हणून सगळे हळहळत होते. तिला मनातून हायसं वाटत होतं. नवऱ्याला धडधाकट बाहेर काढायचं आणि बसमध्ये बसवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"बसमध्ये तरी शेजारी चालाल का माझ्या?" ती म्हणाली.

"बसमध्ये कोण चालतं?"

"तसं नाही हो. तळ्यावर. लग्नाच्या दिवसापासून बघतेय, तुम्ही आपले दोन पावलं पुढे. तुमच्या चेहऱ्यापेक्षा तुमची पाठ जास्त ओळखीची आहे मला."

"मग बरं आहे की. गर्दीत हरवणार नाहीस," म्हणत तो उठला आणि पुढे चालू लागला. दोन पावलं.

३

शनिवारी नऊ तिकिटं गेली, खट् अकरा झाले. रविवारी चौदाचे सोळा. प्रत्येक वेळी सातवी रांग, नऊ आणि दहा.

तिकीटखिडकीवर बसणारे काका म्हणजे मालकांइतकेच जुने. तिने त्यांना आडून विचारलं.

"काका, कुणाला फुकट सोडता का हो आत? असेल कुणी ओळखीचं, माझी ना नाही."

"बाई, हा सिनेमा बघायला मी उलट पैसे देतो म्हटलं तरी कोणी येणार नाही. फुकट कुणाला सोडू?"

सोमवारी सकाळी तिने शेजारच्या दुकानातल्या वेल्डरला बोलावलं. त्याने दोन्ही बैठका वरखाली करून पाहिल्या, बिजागरीवर ठोकलं.

"ही आपोआप पडायची नाही, ताई. वजन लागतं. चांगलं माणसाचं."

"दमट हवेने वगैरे?"

"हवा येऊन बसत असेल तर सांगता येत नाही," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. ती हसली नाही.

त्या दिवशी खेळ सुटल्यावर एक नवराबायको तणतणत बाहेर आले. बाई जास्त चिडलेली होती.

"दोन तास त्या बाईने नुसत्या खुर्च्या आत सरकवल्या हो. रोज सकाळी उठायचं, जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या बाहेर ओढलेल्या, की ही त्या आत सरकवणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भूत नाही, खून नाही, काही नाही."

"आणि शेवट?" काकांनी खिडकीतून गंमत म्हणून विचारलं.

"शेवट कसला. येऊन त्या खुर्चीवर बसली. संपलं. आता मला सांगा, दारात गाडी उभी आहे, पळून जायचं सोडून बसली कशाला? इतकं का माणसाला कळत नाही?"

सगळे हसले. बॅटरीबाई दाराचा पडदा हातात धरून उभी होती. दाराबाहेर उभं राहून गेले चार दिवस तिने तो आवाज ऐकला होता. फरशीवरून लाकूड घासल्याचा. तो कशाचा, हे तिला आज कळलं.

योगायोग, ती मनात म्हणाली. आत जाऊन तिने खुर्च्या उचलल्या. त्या दोन सगळ्यांत शेवटी, हात लांब करून.

४

मंगळवारी तिने सुतळी आणली. खेळाआधी नऊ आणि दहाच्या बैठका पाठीला बांधून टाकल्या. दोन वेढे, वर निरगाठ. निरगाठ सोडवायची तर नखं तुटली असती.

सहा प्रेक्षक आले. तिने सहाही जणांना सातव्या रांगेपासून दूर बसवलं आणि त्या दिवशी दार सोडून हलली नाही. मध्यंतरात चहाही घेतला नाही. आतून ते लाकूड घासत राहिलं. एकदा, मग बऱ्याच वेळाने पुन्हा.

खेळ सुटला. सहाजण गेले. ती आत आली.

बैठका खाली होत्या. सुतळी कापलेली नव्हती, तुटलेली नव्हती. सोडवून, गुंडाळून नऊ नंबरच्या खुर्चीच्या हातावर ठेवली होती. चार बोटांवर आठाच्या आकड्यासारखी गुंडाळायची, मधे पीळ द्यायचा आणि टोक आत खोचायचं. ही गुंडी तिला आईने शिकवली होती. दुसऱ्या कुणाची अशी तिने पाहिली नव्हती.

तिने ती गुंडी उचलून हातात घेतली. मीच सोडली का? सकाळी बांधली असं नुसतं वाटलं आणि बांधलीच नाही, असं झालं का? वय झालं की होतं माणसाला. पण बोटांवर निरगाठ ओढल्याचे वळ अजून होते.

मग तिला आठवलं. ही गुंडी आणखी एका माणसाला येत होती. केबिनमधल्या वायरी तो अशाच गुंडाळून ठेवी. तिनेच शिकवलं होतं.

५

बुधवारी डबा खाताना तिने सरळच विचारलं. नवरा खाली येऊन बसत असेल, हे एक वेळ समजलं असतं. पण खुर्च्या दोन होत्या.

"अहो, खेळ चालू असताना तुम्ही खाली येता?"

"मशीन सोडून? का?"

"सातव्या रांगेत कोण बसतं मग?"

तो घास चावता चावता हसला. "हे बरं आहे. स्वतः जाऊन बसतेस आणि मला विचारतेस."

"मी?"

"मग कोण? वरच्या झरोक्यातून दिसतं सगळं. तुझा अंबाडा मला ओळखू येत नाही होय? म्हटलं, दमली असेल, टेकली असेल घटकाभर. म्हणून बोललो नाही."

तिने घास परत डब्यात ठेवला. "आणि शेजारी?"

"शेजारी असतो बुवा कोणीतरी. आधी वाटलं, काका आहेत."

"काकांचं डोकं तुळतुळीत आहे."

"तेच. याला केस आहेत. टाळूवर तेवढं विरळ झालंय, बशीएवढं. आणि उजवा खांदा असा खाली उतरलेला. ओझी वाहून होतो ना, तसा." त्याने हाताने दाखवलं. "गावातला दिसत नाही. निदान मी तरी त्याला कधी पाहिलं नाही."

तो त्याला पाहूच शकला नसता. रिळांच्या पेट्यांचे दिवस होते तेव्हा वीस वर्षं नवऱ्यानेच त्या उजव्या खांद्यावरून वर चढवल्या होत्या. टाळूवरची ती जागा गेल्या पाच वर्षांतली. तेल लावताना तिच्या बोटांना लागायची, ती बोलून दाखवत नसे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही.

"काय झालं? अशी का बघतेस?"

"काही नाही," ती म्हणाली. डॉक्टरांनी हेही बजावलं होतं, यांना धक्का बसेल असं काही नको. "हो, मीच बसते. पाय दुखतात."

"मग तसं सांगायचं ना. मी काय मालकांना सांगणार होतो?"

तो उठला, जिना चढू लागला. ती खालून त्याच्याकडे बघत राहिली. उद्या दुपारी साडेतीन, ती मनात म्हणाली. फक्त उद्या दुपारपर्यंत.

६

गुरुवारी एकही तिकीट गेलं नाही.

बाहेर लख्ख ऊन होतं. काकांनी खिडकी लावून घेतली आणि दोघांची बॅग स्वतःच्या पायाशी ठेवली. "प्रेक्षक नाही तर खेळ नाही. निघा तुम्ही. लवकर जाऊन खिडकीजवळची जागा धरा."

तिच्या जिवात जीव आला. "चला हो, काका म्हणतात ते बरोबर आहे."

नवरा मात्र केबिनच्या किल्ल्या हातात खुळखुळवत उभा होता. "शेवटचा खेळ आहे. तीस वर्षं झाली मला इथे. रिकाम्या पडद्यावर कुलूप लावून जाऊ?"

"बस आहे."

"साडेतीनला आहे. दोन तासांचा सिनेमा, सव्वादोनला मोकळे. अगं, मशीन आता बटण दाबलं की आपलं आपण चालतं. मी खाली येतो. सव्वीस वर्षांत आपण एकदा तरी शेजारी बसून काही पाहिलंय? तुझी ती सातवी रांग..."

"तिथे नको," ती इतक्या घाईने म्हणाली की काकांनी वर पाहिलं. मग तिने आवाज खाली आणला. "बसूया. पण शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मला दाराची सवय आहे."

ती आधी आत गेली. बॅटरी घेऊन एकेक रांग फिरली. सगळ्या बैठका वर होत्या. सातव्या रांगेत तिने दोन्ही बैठका तळव्याने दाबून पाहिल्या. गार होत्या.

मग नवरा वर मशीन लावून, दिवे मालवून आला आणि दोघं शेवटच्या रांगेत बसली. सिनेमा खरंच रद्दी होता. मोटार इतका वेळ रस्त्यावरून जात होती, की ते घर आलं तेव्हा तिलाच प्रवासाचा शीण आला. तो कानाशी काहीतरी बोलला, ती हसली. त्याने अंधारात तिचा हात हातात घेतला. लोक पैसे मोजून इथे का येतात, हे तिला थोडंसं कळलं. मधूनच ती सातव्या रांगेकडे बघे. मागून नुसत्या पाठी दिसत. बैठका वर आहेत की खाली, ते इथून कळायला मार्ग नव्हता.

पडद्यावरची बाई खुर्च्या आत सरकवत होती. चौथ्यांदा, पाचव्यांदा. चिडून नाही, दमून नाही. घर आवरतात तशी.

"संपत आला," नवरा म्हणाला. "वर जाऊन दिवे लावून येतो. तू बस." त्याने तिचा हात सोडला आणि तो अंधारात उठून गेला.

दार उघडलं की बाहेरच्या उन्हाची एक पट्टी पायऱ्यांवर पडते. एकोणीस वर्षं तिने ती पट्टी पाहिली होती. आताही पट्टी पडायची वाट बघत ती बसली.

पट्टी पडली नाही.

७

पडद्यावर सकाळ झाली होती. बाई जेवणाच्या खोलीत आली. या वेळी दोन खुर्च्यांपैकी एकीवर तिचा नवरा बसला होता, पाठमोरा. बाईने त्याला हाक मारली नाही. ती थोडा वेळ उभी राहिली. मग दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पडदा काळा झाला.

दिवे लागले नाहीत.

मग तिच्या हाताला हात लागला. ओळखीचा, कोमट. "चल," नवऱ्याचा आवाज आला, "बस चुकेल."

"दिवे?"

"राहू देत. आता कोण आहे बघायला?"

ती उठली. दार चार पावलांवर होतं. दाराच्या पलीकडे ऊन होतं, काका होते, बॅग होती. "व्हा पुढे," ती नेहमीच्या सवयीने म्हणाली.

"नको," तो म्हणाला. "तू हो पुढे. मी आहे मागे."

ती थांबली.

सवयीने तिचा बॅटरीचा हात आपल्या खुर्चीकडे गेला होता आणि बॅटरी पेटली होती. शेवटच्या रांगेत तिची बैठक खाली होती. शेजारची, जिच्यावर तो दोन तास बसला होता, ती वर होती. तिने उचलली नव्हती. त्याने जन्मात कधी खुर्ची उचलली नव्हती.

बॅटरी तिने हळूच पुढे नेली. नववी रांग. आठवी. सातवीत, खुर्चीच्या पाठीच्या कडेवर, एक डोकं होतं. टाळूवर बशीएवढी विरळ जागा. उजवा खांदा खाली उतरलेला. ते डोकं काळ्या पडद्याकडे बघत होतं, हलत नव्हतं. शेजारी कोणी नव्हतं.

तिच्या मागे जो उभा होता, त्याच्या तोंडावर बॅटरी मारली असती तर काय दिसलं असतं, कोण जाणे. तिने मारली नाही. एकोणीस वर्षांचा नियम होता. आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती.

तिने हात सोडवून घेतला. त्याने ओढून धरला नाही, नुसता सोडून दिला, जणू एवढीच वाट बघत होता. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"अहो," तिने खाली पाहून हाक मारली. ते डोकं वळलं नाही.

ओरडायचं, काकांना बोलवायचं, दाराबाहेर धावायचं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. दार चार पावलांवर होतं. तिने बॅटरी विझवली. त्या उताराची प्रत्येक पायरी तिच्या पायांना ठाऊक होती. सोमवारच्या त्या चिडलेल्या बाईची तिला आठवण झाली. पळून जायचं सोडून बसली कशाला, म्हणत होती. आता तिला सांगता आलं असतं. कळत नव्हतं म्हणून नाही. तो आधीच बसलेला होता म्हणून.

सातव्या रांगेत ती चाचपत आत गेली. नऊवर तो. दहाची बैठक खाली होती. ती बसली.

मागे, शेवटच्या रांगेत, कोणीतरी तिची रिकामी बैठक वर ढकलली. खट्. मग दार उघडलं आणि उन्हाची पट्टी पायऱ्यांवरून खाली आली. पट्टीत दोन सावल्या होत्या. पुढच्या सावलीला अंबाडा होता. मागची दोन पावलं अंतर ठेवून चालत होती.

"झाला का, बाई?" बाहेरून काकांचा आवाज आला. "कसा वाटला?"

"अगदीच पचका हो, काका," तिचाच आवाज म्हणाला. "चला, बॅग द्या. बस चुकायची."

दार लागलं. कुलूप घातल्याचा आवाज आला. तिने अंधारात शेजारी हात नेला. हात तिथे होता.